छोटा हिरवा दिवा आणि दोन काटे : फोक्सवॅगनच्या कॅम्परची एक दुर्लक्षित गोष्ट (थ्रेड)

१९५० च्या दशकातील फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये चालकासमोर काय असे? एक मोठा गोल वेगमापक आणि त्याच्या तबकडीत हरभऱ्याएवढे काही दिवे. पेट्रोल किती उरले हे दाखवणारा काटासुद्धा आरंभी नव्हता. इंजिन आचके देऊ लागले की राखीव पेट्रोलची तोटी फिरवायची आणि पुढचा पंप गाठायचा, अशी रीत होती. इंजिनाच्या प्रकृतीविषयी बोलणारे दिवे दोनच : जनरेटरचा लाल आणि ऑइलच्या दाबाचा हिरवा.

हिरवा असला तरी हा दिवा शुभवर्तमान सांगणारा नव्हता. चालत्या गाडीत तो पेटला, तर इंजिनातील ऑइलचा दाब जवळजवळ संपला आहे, असा त्याचा अर्थ होता. तो पेटेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे.

म्हणूनच पुढील अनेक दशके जगभरातील मालकांनी या गाडीत स्वतःच्या हाताने दोन काटे बसवले : एक ऑइलच्या दाबाचा, दुसरा ऑइलच्या तापमानाचा. कारखान्याने जे सांगायचे टाळले, ते मालकांनी स्वतः जाणून घ्यायचे ठरवले. त्या दोन काट्यांमागे वाफेच्या बॉयलरपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला इतिहास आहे.

आधी गाडीविषयी. दुसरे महायुद्ध संपल्यावर वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. तेथे आलेले डच व्यापारी बेन पोन यांनी कारखान्याच्या आवारात सुटे भाग वाहून नेणारी एक ओबडधोबड गाडी पाहिली. बीटलच्या सांगाड्यावर मागे इंजिन आणि पुढे सपाट फळी, एवढाच तिचा थाट. २३ एप्रिल १९४७ रोजी पोन यांनी आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले : चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मध्ये सारी मोकळी जागा. नोव्हेंबर १९४९ मध्ये ही गाडी पत्रकारांना दाखवण्यात आली आणि मार्च १९५० मध्ये तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. कारखान्याच्या यादीत बीटल ही ‘टाइप १’, तर ही ‘टाइप २’.

इंजिन मात्र बीटलचेच होते. ११३१ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, २५ अश्वशक्तीचे. रिकामी गाडीच सुमारे एक टनाची आणि वर पाऊण टन माल वाहण्याची अपेक्षा. बीटलसाठी बेतलेले हे इंजिन व्हॅनमध्ये आले तेव्हा त्याच्या नशिबातली विश्रांती संपली. चढावरच काय, सपाटीवरही चालकाचा पाय बहुधा तळाला टेकलेलाच असे.

(जाता जाता एक नोंद. याच सुमारास, १९४९ मध्ये, हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीनेही एक व्हॅन काढली आणि तिलाही फोक्सवॅगनचेच इंजिन बसवले. काही वर्षांत फोक्सवॅगनने इंजिने देणे थांबवले, तेव्हा टेम्पोला पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांकडे वळावे लागले. त्या व्हॅनचे नाव होते ‘मॅटाडोर’. पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे ‘टेम्पो’ आणि ‘मॅटाडोर’ हे दोन्ही शब्द मराठीत असे रुळले की, त्यांचे मूळ गाव हॅम्बर्ग आहे याची आज कोणाला आठवणही होत नाही.)

फोक्सवॅगनच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. ते हवेवर थंड होई. जनरेटरच्याच आसावर बसवलेला एक पंखा पत्र्याच्या खोळीतून सिलिंडरांवर वारा सोडत असे. तथापि ‘हवेवर थंड होणारे’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. इंजिनाच्या पोटातील उष्णतेचा मोठा भाग ऑइल वाहून नेई आणि त्याच पंख्याच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या छोट्या ऑइल-कूलरमध्ये सोडून देई. एवढे ओझे उचलणारे ऑइल होते केवळ अडीच लिटर. वंगणही तेच आणि पाण्याच्या जागी शीतकही तेच.

त्या कूलरची जागाही अडचणीची होती. तो पंख्याच्या खोळीतच उभा असल्यामुळे त्याच्या आडोशाला असलेल्या तिसऱ्या सिलिंडरपर्यंत वारा पोहोचायचा तो आधीच तापलेला आणि काहीसा कमी. तिसरा सिलिंडर आधी जातो, हे जुन्या फोक्सवॅगन-मिस्त्रींचे पाठ असलेले ज्ञान त्यातूनच आले. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर खोळीबाहेर सरकवून त्याला वेगळी वाट देण्यात आली. म्हणजे दोष कारखान्यालाही कळला होता. फक्त तोवर लक्षावधी इंजिने रस्त्यावर आली होती.

आता तो दिवा. इंजिनावर ऑइलच्या वाटेत एक छोटा स्विच बसवलेला असतो. आत एक पातळ पडदा. ऑइलचा दाब वाढला की पडदा सरकतो, विजेचा संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. दाब घसरला की संपर्क जुळतो आणि दिवा पेटतो. हा स्विच ०.१५ ते ०.४५ बार या दरम्यान बदलतो. एक बार म्हणजे साधारणपणे आपल्या वातावरणाचा दाब. महामार्गावर धावणाऱ्या धडधाकट इंजिनात ऑइलचा दाब तीन बारच्या आसपास असायला हवा. तो तीनवरून दोनवर आला, दोनवरून एकवर आला, तरी दिवा गप्पच राहील. अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर तो बोलेल. तोपर्यंत क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पापुद्रा फाटून धातूवर धातू घासू लागलेला असू शकतो.

शिवाय व्हॅनमधील चालक पुढच्या चाकांवर बसलेला आणि इंजिन त्याच्या पाठीमागे तीन-एक मीटरवर. मोटारीत बॉनेटखालून येणारी खडखड, जळक्या ऑइलचा वास, वाफ यांतले काहीही त्याच्यापर्यंत धड पोहोचत नसे. ज्या गाडीच्या चालकाला इंजिनाची वार्ता सर्वांत कमी मिळे, त्याच गाडीत ती देणारी साधनेही सर्वांत कमी होती.

मग हे रचनाकार बेफिकीर होते का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काट्याऐवजी दिवा ही कल्पना त्यांची नव्हती. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने ती मोटारींत आणली होती आणि १९५० च्या दशकात ती सर्वत्र पसरली. इंग्रजीत अशा दिव्यांना पडलेले टोपणनाव ‘मूर्खांचा दिवा’ असे आहे, पण त्यामागचा विचार मूर्खपणाचा नव्हता. काट्याकडे सामान्य चालक पाहतच नाही. दिवा पेटला तर निदान पाहील, असा तो हिशेब. फोक्सवॅगनचा लाल दिवा तर विशेष हुशारीचा होता. जनरेटर आणि पंखा एकाच पट्ट्यावर फिरत असल्यामुळे पट्टा तुटला की जनरेटरचा दिवा लागे, आणि चालकाला न सांगताच सांगितले जाई की इंजिन थंड करणारा वाराही थांबला आहे. एका दिव्यात दोन इशारे.

आणि तरीही एक गोष्ट खटकते. याच इंजिनाच्या वंशात जन्मलेली पोर्शे ३५६ ही स्पोर्ट्स कार पाहा. आरंभीच्या ३५६ चे इंजिन फोक्सवॅगनच्याच इंजिनावर आधारलेले होते आणि तिच्या चालकासमोर ऑइलच्या तापमानाचा काटा होता. म्हणजे या जातीच्या इंजिनाची नाडी ऑइलच्या तापमानात आहे, हे जर्मन अभियंत्यांना पक्के ठाऊक होते. स्पोर्ट्स कार घेणाऱ्या शौकिनाला ते सांगण्याजोगे वाटले; भाजी, पाव आणि टपाल वाहणाऱ्या व्हॅनच्या चालकाला सांगण्याची गरज वाटली नाही. ओझे मात्र व्हॅनच्याच इंजिनावर अधिक होते.

दाब मोजणारा काटा ही मोटारीपेक्षा कितीतरी जुनी वस्तू. एकोणिसाव्या शतकात वाफेचे बॉयलर फुटून माणसे मरत होती, कारण आत किती दाब साठला आहे हे बाहेरच्याला कळण्याचा सोपा मार्ग नव्हता. पाऱ्याच्या उंच नळ्या होत्या, पण आगगाडीच्या किंवा बोटीच्या इंजिनावर त्या कशा टिकणार? फ्रेंच अभियंता यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये ज्या मापकाचे पेटंट घेतले, त्याची युक्ती जत्रेतल्या फुंकताच उलगडणाऱ्या कागदी शिट्टीसारखी आहे. चपटी, वाकवलेली धातूची नळी. आत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते. तिच्या टोकाला दातेरी चाक आणि काटा. मोटारींतील यांत्रिक ऑइल-मापक म्हणजे बूर्दाँच्या या नळीचीच धाकटी भावंडे.

तापमानाची कथा निराळी. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटारीत रेडिएटरच्या टोपणावरच तापमापक बसवण्याची पद्धत १९१० च्या दशकात अमेरिकेत निघाली. बॉइस मोटोमीटर हे त्यातले गाजलेले नाव. चालक काचेतून पुढे बघता बघता तो पाहू शके. फोक्सवॅगनला रेडिएटरच नसल्याने टोपण नाही, पाणी नाही, वाफ नाही. ‘पाणी उकळत नाही, गोठत नाही’ ही या गाडीची थोरवी होती. पण उकळणारे पाणी हा एक इशाराही असतो, हे त्या थोरवीच्या भरात मागे पडले.

व्हॅनचे ‘कॅम्पर’ झाले तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने तीव्र झाला. वीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या कंपनीने १९५१ मध्ये व्हॅनमध्ये ठेवता-काढता येईल असा ‘कॅम्पिंग बॉक्स’ विकायला काढला : पलंग, कपाट, स्टोव्हची जागा. पुढे कायमची बांधलेली अंतर्रचना आली, वर उचलणारे छप्पर आले, पाण्याची टाकी आली. इंजिने मोठी होत गेली : १२००, १५००, १६००. १९७० च्या दशकात १७०० ते २००० घनसेंटिमीटरची निराळ्या धाटणीची इंजिने आली. त्यांत ऑइलही अधिक, सुमारे साडेतीन लिटर. पण इंजिन वाढले तसा बोजाही वाढला. आता या गाड्या गावातल्या गावात पाव वाटत नव्हत्या. कुटुंबाचे बिऱ्हाड घेऊन आल्प्सचे घाट चढत होत्या.

आणि काही तर त्याहून दूर निघाल्या. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली असा जो खुष्कीचा मार्ग ‘हिप्पी ट्रेल’ म्हणून प्रसिद्ध झाला, त्यावर फोक्सवॅगनच्या व्हॅन हे नेहमीचे दृश्य होते. त्यांतल्या कित्येकांचा शेवटचा मुक्काम होता गोवा : कळंगुट, हणजूण. इराणचे वाळवंटी पठार, अफगाणिस्तानचा उन्हाळा, मागे टोळीचे सामान, छपरावर आणखी सामान. जर्मनीच्या हवामानात अडीच लिटर ऑइलने निभावून नेलेले काम या वाटेवर अग्निपरीक्षा ठरे. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांनी हा मार्ग बंद केला.

तापलेल्या ऑइलने नेमके काय होते? ऑइल जितके गरम तितके पातळ. पातळ ऑइल बेअरिंगच्या फटींतून झटकन निसटते, म्हणून दाब घसरतो. त्यातच या इंजिनाचा कवचभाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. तापला की तो पोलादी क्रँकशाफ्टपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि फटी आणखी रुंदावतात. लांबच्या चढानंतर सिग्नलला थांबताच दिवा फुरफुरू लागतो, तो याच कारणाने. ऑइल ८० ते ११० अंश सेल्सिअसमध्ये असले तर चिंता नाही. १२० च्या पुढे गेले की पाय उचलावा. हा सल्ला पाळायचा तर १२० अंश झाले हे कळले पाहिजे, आणि दिव्याला अंश ठाऊक नसतात.

दोन्ही काटे एकत्र हवेत ते यासाठीच. दाब घसरला आणि तापमान चढले असेल, तर ऑइल पातळ झाले आहे. वेग कमी करावा, गाडी निवू द्यावी. दाब घसरला पण तापमान जागच्या जागी असेल, तर प्रकरण गंभीर : ऑइल गळते आहे, पंप झिजला आहे किंवा बेअरिंग संपले आहे. तेथे तत्काळ इंजिन बंद करण्यावाचून उपाय नाही. एकटा काटा अर्धे वाक्य बोलतो.

काटे कोठून येत? जर्मनीत त्यांचे प्रमुख नाव होते व्हीडीओ. १९२९ मध्ये दोन मापक-कंपन्यांच्या विलीनीकरणातून ही कंपनी उभी राहिली. फोक्सवॅगनचे वेगमापकही तीच बनवी, त्यामुळे तिचे सुटे काटे डॅशबोर्डवर परके वाटत नसत. तरीही ते बसवण्यात इतक्या खाचखळग्या होत्या की, इंजिन वाचवण्यासाठी केलेल्या खटपटीने इंजिनच गमावण्याचा संभव असे.

पहिली खाच आट्यांची. फोक्सवॅगनच्या कवचात ऑइल-स्विचचे छिद्र १० मिलिमीटरचे आणि १ मिलिमीटर अंतराच्या, निमुळत्या आट्यांचे असते. अमेरिकी मापकांचे आटे पाऊण-शतकाहून जुन्या, इंचांतल्या पाइप-मापाचे. त्यांतले एक-अष्टमांश इंची माप या जर्मन मापाच्या इतके जवळ आहे की, पहिले दोन-तीन फेरे सहज बसतात. मग जोर लावावा लागतो, आणि मॅग्नेशियमचे कवच तडकते. मेट्रिक आणि इंच यांच्या दोन शतकांच्या भांडणात असा एक लहानसा बळी अनेक गॅरेजांत पडलेला आहे.

दुसरी खाच नळीची. यांत्रिक काट्याला प्रत्यक्ष ऑइल न्यावे लागते. मोटारीत इंजिन पुढे असल्याने हात-दीड हात नळी पुरते. व्हॅनमध्ये ती मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत न्यावी लागे. गाडीच्या पोटाखालून, दगडगोटे झेलत. ती कोठे फुटली तर तेच अडीच लिटर ऑइल रस्त्यावर. म्हणून या गाडीत विजेचा मापक अधिक शहाणपणाचा ठरला : इंजिनावर दाबानुसार बदलणारा विद्युतरोध, आणि पुढे काट्यापर्यंत केवळ एक तार. व्हीडीओच्या प्रमाणानुसार शून्य दाबाला सुमारे १० ओहम, पूर्ण दाबाला सुमारे १८०. काटा एका कंपनीचा आणि संवेदक दुसऱ्या मापाचा असला तर काटा खुशाल खोटे बोलतो.

तिसरी खाच वजनाची. जुना स्विच लिंबाएवढाही नव्हता. नवा संवेदक मुठीएवढा. तो पितळी टी-जोडावर टांगला की इंजिनाच्या थरथरीने पितळ हळूहळू थकते आणि एके दिवशी मोडते. परिणाम पुन्हा तोच. जाणते मिस्त्री संवेदक इंजिनावर न टांगता गाडीच्या सांगाड्यावर बसवतात आणि इंजिनापासून तेथवर लवचीक, विणलेल्या वेष्टनाची आखूड नळी नेतात.

विजेचाही पेच आहे. १९६६-६७ च्या सुमारापर्यंत फोक्सवॅगन ६ व्होल्टवर चालत असे, नंतर १२ वर. बारा व्होल्टचा काटा जुन्या गाडीत आळशी होतो, सहाचा नव्या गाडीत जळतो.

तापमानाच्या काट्यापुढे निराळाच प्रश्न : तापमान मोजायचे कोठे? तळातील ऑइल काढण्याच्या बुचाच्या जागी? दाब-नियंत्रक झडपेच्या बुचाजवळ? की ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीतच? तिन्ही जागी आकडा वेगळा येतो, कारण कूलरमधून आलेले, बेअरिंगमधून टपकलेले आणि तळाशी साचलेले ऑइल एकाच तापमानाचे नसते. त्यामुळे दोन मालकांनी आपापले आकडे एकमेकांशी ताडून वाद घालणे निरर्थक, पण हा वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. खरा उपयोग आपल्याच गाडीच्या कालच्या आणि आजच्या आकड्यातील फरकाचा.

या साऱ्या खटपटीला १९६९ मध्ये एका पुस्तकाने मोठे बळ दिले. जॉन म्यूर या अमेरिकी अभियंत्याने नोकरीची चाकोरी सोडून न्यू मेक्सिकोत राहताना फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी याची पायरीपायरीने माहिती देणारे पुस्तक लिहिले, तेही ‘पक्क्या अडाण्यांसाठी’ असे उपशीर्षकातच जाहीर करून. पीटर ॲशवॉन्डेन यांची चित्रे हा त्याचा अर्धा प्राण. पुस्तकाचा रोख असा की गाडी ज्याची, त्याने तिच्या पोटात हात घालावा. दिव्यामागे गृहीत धरलेला चालक आणि म्यूर यांच्या पुस्तकाचा वाचक ही एकाच आसनावर बसलेली दोन अगदी भिन्न माणसे होती.

१९८० च्या दशकारंभी फोक्सवॅगनने युरोपातील व्हॅनला पाण्यावर थंड होणारे इंजिन दिले आणि चालकासमोर तापमानाचा काटा आपोआप आला. ब्राझीलमध्ये मात्र जुनी कोंबी हवेवरच चालत राहिली. तिलाही २००५ च्या अखेरीस पाण्याचे इंजिन मिळाले आणि २०१३ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आज या जुन्या कॅम्परना वारसा-वस्तूंचे मोल आले आहे, आणि डॅशबोर्डला भोक पाडणे पातक समजले जाते. म्हणून काटे डॅशबोर्डखाली एका पत्र्याच्या पट्टीवर टांगतात, चार स्क्रू सोडले की निघतील असे. मूळ दिवाही ठेवतात. व्हीडीओच्या एका प्रकारच्या संवेदकाला त्यासाठी दोन टोके असतात : एक काट्याच्या तारेचे, दुसरे जुन्या दिव्याच्या तारेचे. किल्ली फिरवली की हिरवा दिवा लागतो आणि काटा शून्यावर असतो. इंजिन सुरू होते, क्षणभराने दिवा विझतो, आणि शेजारचा काटा वर चढू लागतो.